फुटून निघण्याचा हक्क कोणाचा?

अमेरिकेतील डॅलस शहर आणि त्याच्या परिसरातील नगरे यांनी १९८३ साली मतदारांचा कौल घेऊन एक प्रादेशिक परिवहन प्राधिकरण स्थापन केले. विक्रीवर एक टक्का कर बसवावा आणि त्या उत्पन्नातून साऱ्या परिसराची बस व रेल्वे चालवावी, असा तो करार होता. २०२५ साली या प्राधिकरणात तेरा नगरे होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांपैकी प्लेनो, आयर्विंग, फार्मर्स ब्रँच आणि हायलँड पार्क या चार नगरांच्या परिषदांनी ठराव केले की, प्राधिकरणात राहावयाचे की बाहेर पडावयाचे, याचा निर्णय मे २०२६ मध्ये आपापल्या मतदारांकडून घ्यावा. तक्रारीचा गाभा एकच होता: आम्ही जेवढा कर भरतो तेवढी सेवा आमच्या हद्दीत मिळत नाही.

बातमी दूरची आहे. पण तिच्यातील युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. आपला पैसा आपल्याच हद्दीत खर्च व्हावा, आणि तसे होत नसेल तर वेगळे होण्याचा हक्क असावा, ही मागणी लोकशाहीच्या भाषेत मांडली जाते. मतदान होते, बहुमत मोजले जाते, आणि त्यानंतर कोणी शंका घेतली की तो लोकमताचा शत्रू ठरतो. विकेंद्रीकरणाचा पुरस्कार करीत आलेल्या आपल्या चळवळीला तर या मागणीपुढे काय बोलावे असा पेच पडतो. म्हणून या प्रश्नाचा मुळापासून विचार केला पाहिजे. डॅलसचा कलह गेल्या काही वर्षांतला आहे. परंतु अशा फुटून निघण्याचे दीर्घकालीन परिणाम पाहावयाचे असतील तर अमेरिकेतच डेट्रॉइट महानगराचा पन्नास वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उपलब्ध आहे. तो आधी पाहू आणि मग डॅलसकडे वळू.

मोटारींचे माहेरघर असलेल्या डेट्रॉइट शहराची लोकसंख्या १९५० साली साडेअठरा लाख होती. १९२२ पासून नगरपालिका स्वतः ट्राम आणि पुढे बसही चालवीत होती. ८ एप्रिल १९५६ रोजी तेथील शेवटची ट्राम धावली आणि गाड्या मेक्सिको शहराला विकण्यात आल्या. त्यानंतरच्या काळात कारखाने आणि सुखवस्तू गोरा मध्यमवर्ग उपनगरांकडे सरकत गेला. मागे राहिलेल्या शहराची लोकसंख्या २०२० पर्यंत सुमारे ६ लाख ३९ हजारांवर आली. शहराची उत्तर सीमा ज्या रस्त्याने आखली आहे त्याचे नाव ‘एट माइल रोड’. त्याच्या अलीकडे बहुसंख्य कृष्णवर्णीय, पलीकडे बहुसंख्य गोरे, अशी वाटणी सबंध जगाला ठाऊक झाली. काम पलीकडे गेले, काम शोधणारा अलीकडे राहिला, आणि दोघांना जोडणारी बस कोणी चालवावी हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

१९६७ साली मिशिगन राज्याने कायदा करून आग्नेय मिशिगनसाठी प्रादेशिक परिवहन प्राधिकरण निर्माण केले. त्याने उपनगरांतील खासगी बस कंपन्या विकत घेतल्या. शहराची बससेवा मात्र शहराकडेच राहिली. १९७६ साली अध्यक्ष फोर्ड यांच्या सरकारने या महानगराच्या जलद वाहतुकीसाठी ६० कोटी डॉलर देऊ केले. शहर आणि उपनगरे यांचे मार्ग, सत्ता आणि खर्चाचा वाटा यांवर एकमत होईना. वर्षे गेली, सरकारे बदलली, आणि तो प्रचंड निधी हातचा गेला. त्याच दशकात, १९७४ साली, शहर आणि उपनगरांच्या शाळांचे एकत्रित पुनर्वाटप करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला होता. गावाची हद्द ही कर्तव्याचीही हद्द आहे, ही समजूत अशा रीतीने शाळेत आणि रस्त्यावर एकाच वेळी दृढ झाली.

१९८९ साली जुन्या प्राधिकरणाचे रूपांतर ‘स्मार्ट’ या नावाच्या केवळ उपनगरी संस्थेत झाले. १९९५ साली तिच्यासाठी मालमत्तेवर विशेष कर बसविण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. कर होता एक तृतीयांश मिल, म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरांमागे सुमारे ३३ सेंट. एक लाख डॉलर करपात्र मूल्याच्या घराला वर्षाकाठी ३३ डॉलर. मात्र ओकलंड आणि वेन या दोन काउंट्यांत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागांत, एक सवलत ठेवण्यात आली: ज्या गावाला नको असेल त्याने बाहेर राहावे. तिसऱ्या मॅकोम्ब काउंटीने ही मुभा दिली नाही. तेथे सबंध काउंटीचे मत एकत्र मोजले जाते. मिळाला तर सर्वांचा होकार, नाही तर सर्वांचा नकार.

ओकलंडमधील साठाहून अधिक गावे-शहरांपैकी निम्म्याहून अधिक बाहेर राहिली. वेन काउंटीतही तसेच घडत गेले. नोव्हेंबर २००५ मध्ये डेट्रॉइटच्या पश्चिमेला असलेल्या, सुमारे एक लाख वस्तीच्या लिव्होनिया शहराने मतदान करून स्मार्टमधून अंग काढून घेतले आणि पुढल्या वर्षी तेथील नियमित बससेवा थांबली. लिव्होनियाने स्वतःच्या रहिवाशांसाठी स्थानिक वाहनसेवा सुरू केली. २००० च्या जनगणनेनुसार या शहरात शंभरांतील सुमारे पंचाण्णव माणसे गोरी होती, आणि डेट्रॉइटमध्ये शंभरांतील ऐंशीहून अधिक कृष्णवर्णीय. मोटार कारखाने, गोदामे, दवाखाने, दुकाने यांमुळे लिव्होनियात रोज कामाला येणारे लोक बाहेरून येतात. त्यांच्यापैकी ज्याच्याकडे मोटार नाही, त्याचा लिव्होनियाच्या मतपेटीशी काही संबंध नव्हता.

या ठिकाणी बससेवेचे अर्थशास्त्र थोडे समजून घेतले पाहिजे. पाणीपुरवठ्याची एखादी टाकी एका गावाने वेगळी बांधली तर शेजारच्या गावाचे फारसे बिघडत नाही. बसचे तसे नाही. बसची उपयुक्तता ती आपल्या दारात येते यावर जितकी अवलंबून आहे, त्याहून अधिक ती आपल्याला कोठकोठे पोचविते यावर आहे. जाळ्यातील एक गाव गळले की त्या गावाचे थांबे तर जातातच. पण उरलेल्या प्रत्येक थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाची पोचण्याची ठिकाणे कमी होतात. बस सीमेवरून माघारी वळते, किंवा बाहेर राहिलेल्या गावातून न थांबता पुढे जाते. दोन्ही प्रकारांत चालकाचा पगार, इंधन आणि गाडीची झीज यांचा खर्च होतोच. प्रवासी तेवढे कमी होतात. आगार, कार्यशाळा, व्यवस्थापन यांचा स्थिर खर्च उरलेल्यांवर पडतो. मग फेऱ्या कमी होतात. तासाला एकच बस असली की ज्याला दुसरा मार्ग आहे तो बस सोडतो. रिकामी बस पाहून आणखी एक गाव विचारते की, आम्ही हे पैसे कशासाठी भरतो? अशा प्रकारे फुटून निघण्याने निर्माण झालेली दुरवस्थाच पुढील फुटीचे समर्थन होऊन बसते.

डेट्रॉइटमध्ये याला आणखी एक विपरीत जोड होती. शहर आणि उपनगरे यांच्या दोन वेगळ्या संस्था असल्यामुळे शहराच्या हद्दीत धावणाऱ्या उपनगरी बसवर चढ-उताराची बंधने होती. समोरून बस जात असूनही शहरातल्या शहरात प्रवास करणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता. २०१८ मध्ये मोठ्या रस्त्यांवर जलद गाड्या सुरू झाल्यावर ही स्थिती काहीशी सुधारली. शहराची स्वतःची बससेवा नगरपालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीवर अवलंबून, आणि २०१३ च्या जुलैमध्ये त्या नगरपालिकेनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्याला प्रवासाची सर्वांत अधिक गरज त्याची सेवा सर्वांत दुबळ्या तिजोरीवर सोपविण्यात आली होती.

आता बाहेर पडणाऱ्यांचा युक्तिवादही न्यायबुद्धीने ऐकला पाहिजे. तो सगळाच स्वार्थी नाही. बसगाडी दिवसातून मोजक्या वेळा येते, तिचे वेळापत्रक आपल्या कामाच्या वेळेशी जुळत नाही, मंडळावरील आपला प्रतिनिधी एकटा पडतो, हिशेब समजत नाहीत. अशा परिस्थितीत केवळ बंधुभावाच्या आवाहनावर कोणी वर्षानुवर्षे कर भरील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. डॅलस परिसरातील प्लेनोच्या बाबतीत तर प्राधिकरणानेच करविलेल्या पाहणीतून दिसले की, त्या शहराने दिलेल्या कराच्या निम्म्याहून कमी रक्कम त्या शहरात खर्च झाली. हा आकडा ज्यांना गैरसोयीचा वाटतो त्यांनी तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याचा अर्थ लावला पाहिजे.

अर्थ असा की, वाहतुकीवरचा खर्च कोणत्या गावाच्या नकाशावर पडतो यावरून त्याचा लाभ कोणाला झाला हे ठरत नाही. प्लेनोच्या कार्यालयात झाडलोट करणारी बाई डॅलसमधून येत असेल, तर तिच्या प्रवासातील बहुतेक अंतर डॅलसच्या हद्दीत पडते आणि तिच्या श्रमाचे फळ प्लेनोत पडते. खर्च डॅलसच्या खात्यावर दिसतो. लाभ प्लेनोच्या मालकाला, प्लेनोच्या बाजारपेठेला आणि अखेरीस प्लेनोच्या करवसुलीलाही मिळतो. उलट प्लेनोत राहून डॅलसमध्ये नोकरी करणाऱ्याचीही हीच गोष्ट. भौगोलिक जमाखर्चाच्या वहीत ही देवाणघेवाण मावत नाही. शिवाय रस्ते, शाळा, अग्निशामक दल यांपैकी कशाचाही हिशेब आपण घरपट्टीच्या प्रत्येक रुपयाला परतफेड किती, असा मागत नाही. तो फक्त गरिबाच्या बसकडे मागितला जातो.

अर्थशास्त्रात या हिशेबी वृत्तीला एक प्रतिष्ठित आधार दिला जातो. चार्ल्स टीबो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली एका निबंधात मांडले की, दुकाने पाहून ग्राहक वस्तू निवडतो तसा नागरिक कर आणि सेवा यांचा मेळ पाहून गाव निवडतो. म्हणून अनेक लहान स्वायत्त गावे असली की प्रत्येकाला हवी तेवढीच सेवा हव्या त्या किमतीत मिळते. स्थानिक स्वायत्ततेचे समर्थन करणारे हा निबंध वारंवार पुढे करतात. पण टीबोने आपली गृहीतके प्रामाणिकपणे नोंदविली होती. एका गावाच्या सेवेचा लाभ वा तोटा दुसऱ्या गावाला पोचत नाही, हे एक. माणसे मुक्तपणे कोठेही राहावयास जाऊ शकतात, हे दुसरे. आणि तिसरे असे की नोकरी कोठे मिळते याचे बंधन विचारात घेतलेले नाही. सर्वजण जणू भागभांडवलाच्या लाभांशावर जगतात. ज्या सिद्धान्तात कोणाला सकाळी कामावर जावेच लागत नाही, तो सिद्धान्त बसच्या प्रश्नाला लावणे म्हणजे पोहण्याची गरज नाही असे गृहीत धरून नदी ओलांडण्याचे शास्त्र लिहिणे होय.

याहून उपयोगी विचार आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली आपल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात मांडला. त्याची सुरुवात नायजेरियातील रेल्वेच्या निरीक्षणातून झाली. मालमोटारींची स्पर्धा असूनही तेथील रेल्वे सुधारत का नव्हती, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या लक्षात आले की, ज्यांनी तक्रार करून, दबाव आणून कारभार सुधारला असता तेच जागरूक ग्राहक मालमोटारींकडे निघून गेले. आणि रेल्वेला सरकारी आधार असल्यामुळे त्यांच्या जाण्याचा धाकही वाटेना. नाराज माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे, किंवा राहून आवाज उठविणे. निघून जाणे सोपे केले की आवाज क्षीण होतो. डेट्रॉइटच्या उपनगरांत ज्यांचा शब्द राज्याच्या राजधानीत चालतो, ज्यांना वकील, वृत्तपत्रे आणि निवडणुकीचा खर्च परवडतो, तीच गावे सर्वांत आधी बाहेर राहिली. त्यांच्यासाठी निघून जाण्याचा मार्ग खुला होता. रात्रपाळीहून परतणाऱ्या दवाखान्यातील आयेला मात्र निघून जाण्याचा मार्ग नाही, आणि तिच्या वतीने मोठ्या आवाजात बोलू शकणारे आता त्या संस्थेत नाहीत.

म्हणजे मतदान लोकशाही आहे की नाही हे ठरविताना ते मतदान कोणामध्ये झाले, हे आधी विचारले पाहिजे. बस वापरणारा समाज आणि बसबद्दल मत देणारा समाज हे दोन वेगळे असतील, तर मतपत्रिका कितीही गुप्त आणि मोजणी कितीही चोख असली तरी निर्णय लोकांचा होत नाही. भाडेकरू मालमत्ताधारक नसेल, पण घरभाड्यातून तो कर भरतो. मजूर लिव्होनियाचा मतदार नसेल, पण लिव्होनियाच्या संपत्तीत त्याचा घाम आहे. या दोघांचा मताधिकार सीमेच्या दगडापाशी संपतो. त्यांचा प्रवास तेथे संपत नाही.

मतदानाचे क्षेत्र बदलले की निकाल कसा बदलतो याचा पुरावा याच महानगरात आहे. मॅकोम्ब काउंटी राजकीयदृष्ट्या काही पुरोगामी म्हणून प्रसिद्ध नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तेथे स्मार्टच्या कराचे नूतनीकरण अवघ्या काही डझन मतांच्या फरकाने मंजूर झाले. गावनिहाय मुभा असती तर काउंटीतील कितीतरी गावे त्या दिवशी गळाली असती. ती गळाली नाहीत, आणि मॅकोम्बमध्ये सलग सेवा राहिली. अर्थात याला दुसरी बाजू आहे. अशीच काही डझन मते उलट पडली असती तर सबंध काउंटीची सेवा गेली असती. एकत्र मत देण्यात हा धोका आहेच. परंतु तो धोका सर्वांनी मिळून पत्करलेला असतो; म्हणून प्रत्येक बाजूला समोरच्याला पटवून द्यावे लागते. गावनिहाय सुटकेत पटविण्याची गरजच उरत नाही.

२०१२ च्या डिसेंबरात मिशिगनने चार काउंट्यांसाठी नवे प्रादेशिक प्राधिकरण स्थापन केले. त्याच्या १.२ मिल कराचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१६ मध्ये अगदी थोड्या फरकाने फेटाळला गेला. वेन आणि वॉश्टेनॉ या काउंट्यांनी होकार दिला, मॅकोम्बने नकार दिला आणि ओकलंडमध्ये नकाराचे पारडे किंचित जड झाले. २०१८ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला तेव्हा ओकलंडचे दीर्घकालीन प्रमुख ब्रुक्स पॅटरसन यांनी बाहेर राहिलेल्या गावांना कराच्या कक्षेत ओढण्यास विरोध केला आणि प्रस्ताव मतदारांपर्यंत पोचलाच नाही. बाहेर राहण्याची मुभा ही तात्पुरती सवलत म्हणून जन्माला येते आणि पुढे वडिलोपार्जित हक्काप्रमाणे वागू लागते, हे त्यावरून दिसून आले.

८ नोव्हेंबर २०२२ रोजी मात्र ओकलंड काउंटीने वेगळा प्रयोग केला. दहा वर्षांसाठी ०.९५ मिल कराचा प्रस्ताव संपूर्ण काउंटीपुढे एकत्र ठेवण्यात आला. गावनिहाय मुभा काढून टाकण्यात आली. सुमारे ५७ टक्के मतदारांनी होकार दिला. सत्तावीस वर्षे बाहेर राहिलेली नोवी, रॉचेस्टर, रॉचेस्टर हिल्स ही शहरे एका मतदानाने आत आली आणि त्यानंतर बसमार्ग त्यांच्यापर्यंत वाढविले जाऊ लागले. वेन काउंटीत त्या वर्षी जुनी पद्धत तशीच राहिली. ओकलंडमधील विजय आकाशातून पडला नाही. वृद्धांना दवाखान्यात जाण्यासाठी, अपंगांना घरून नेण्यासाठी, लहान गावांत आधीपासून चालणाऱ्या छोट्या वाहनसेवांनाही या करातून पैसा मिळेल, असे प्रस्तावात स्पष्ट होते. ज्यांच्या दारात मोठी बस येणार नव्हती त्यांनाही काही मिळणार होते. ऐक्याला असा ठोस पाया लागतो.

आता पुन्हा डॅलसकडे पाहू. टेक्सासच्या कायद्याने ठरावीक वर्षांच्या अंतराने सभासद गावांना बाहेर पडण्याचे मतदान घेता येते. १९८९ साली कॉपेल आणि फ्लॉवर माउंड ही दोन गावे याच मार्गाने गेली. विधीची रचना पाहण्यासारखी आहे: गावाने बाहेर पडण्याचा कौल दिला की निकाल अधिकृत होताच दुसऱ्या दिवसापासून तेथील सेवा बंद होते, कर मात्र त्या गावाच्या वाट्याचे कर्ज फिटेपर्यंत चालूच राहतो. म्हणजे काही काळ गाव कर भरते आणि बसही नसते. तरीही मोह का पडतो? कारण राज्यात स्थानिक विक्रीकराची कमाल मर्यादा दोन टक्के आहे. त्यातील एक टक्का परिवहनाकडे गेला नाही तर तो उद्योगांना आकर्षित करण्यासाठी वापरता येतो. फ्रिस्को आणि ॲलन यांसारखी प्राधिकरणाबाहेरची शेजारी नगरे हेच करीत आली आहेत. मोटार नसलेल्या कामगाराच्या बसचा पैसा कंपन्यांना आणि क्रीडासंकुलांना सवलती देण्याकडे वळविण्याची ही चढाओढ आहे. ‘स्थानिक स्वायत्तता’ हे तिचे सभ्य नाव आहे. एका गावाने सवलत दिली की शेजाऱ्याला द्यावी लागते, आणि अखेरीस सर्वच गावांची तिजोरी हलकी होऊन लाभ गावाबाहेरच्या भांडवलाला होतो.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. अटलांटा महानगरातील क्लेटन काउंटीने १९७१ साली प्रादेशिक परिवहन संस्थेत सामील होण्यास नकार दिला होता. पुढे तिने स्वतःची बससेवा सुरू केली. पैशाअभावी ती ३१ मार्च २०१० रोजी बंद पडली. साडेचार वर्षे बसविना काढल्यावर, नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्याच काउंटीने एक टक्का विक्रीकर स्वीकारून प्रचंड बहुमताने त्या संस्थेत प्रवेश केला. मधल्या काळात काउंटीची वस्ती बदलली होती हे खरे. पण बस नसण्याची किंमत लोकांनी प्रत्यक्ष मोजली होती, हेही तितकेच खरे.

आता आपल्या मूळ पेचाकडे येऊ. आपण विकेंद्रीकरणवादी आहोत. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली ती सत्ता दिल्लीतून आणि मुंबईतून खाली यावी म्हणून. मग गावाने आपला निर्णय घेतला तर आपण हरकत कशी घ्यावी? उत्तर त्या कल्पनेतच आहे. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब एकच छप्पर पेलतात. प्रत्येक खांबाचे काम वेगळे. जो प्रश्न गावात सुरू होतो आणि गावात संपतो तो गावाने सोडवावा. जो प्रश्न दहा गावांतून जातो त्याचा निर्णय दहा गावांनी मिळून घ्यावा. नदीच्या वरच्या अंगाच्या गावाने बांध घालून पाणी अडवावे आणि त्याला ग्रामस्वराज्य म्हणावे, हे जसे आपल्याला मान्य नाही, तसेच हे. सत्ता खाली आणणे आणि जबाबदारी झटकणे यांत फरक करता आला नाही तर विकेंद्रीकरण हे श्रीमंत वस्त्यांभोवतीच्या कुंपणाचे तत्त्वज्ञान होईल.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस.टी. धावली तेव्हापासून उत्पन्न देणाऱ्या मार्गांनी डोंगरी, आडवळणी मार्गांना आधार द्यावा, हे तत्त्व त्या व्यवस्थेत अंगभूत राहिले. २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या परिवहन संस्था एकत्र करून एक महामंडळ करण्यात आले. त्याची संचलन-तूट पुण्याने ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के सोसावी असे ठरले. आपल्याकडे अशा संस्थांतून मतदानाने बाहेर पडण्याची तरतूद नाही. पण ‘आमच्या हद्दीत किती गाड्या, आमच्याकडून किती पैसे’ हा प्रश्न सभागृहांत विचारला जातो, अनुदान रोखून धरले जाते, आणि ठराव न करता फुटून निघण्याचा परिणाम साधला जातो. अमेरिकेत जे मतपेटीतून होते ते येथे अंदाजपत्रकातून होऊ शकते.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचे काम स्पष्ट आहे. पहिले, ज्या क्षेत्राला सेवा त्या क्षेत्राचा एकत्रित निर्णय, हे तत्त्व आग्रहाने मांडले पाहिजे. दुसरे, सभासद असलेल्या प्रत्येक वस्तीला किमान किती फेऱ्या मिळतील याची लेखी हमी आणि मार्गनिहाय हिशेब जाहीरपणे मिळाले पाहिजेत. जे ऐक्य हिशेब दाखवीत नाही ते टिकत नाही. तिसरे, अशा संस्थांच्या मंडळावर गावांच्या प्रतिनिधींबरोबर प्रवासी आणि कामगार यांचे प्रतिनिधी असावेत. कारण गावे बाहेर पडू शकतात, प्रवासी आणि चालक-वाहक पडू शकत नाहीत. आणि चौथे, जे सर्वांत महत्त्वाचे: बस वेळेवर येत नाही, थांब्यावर छप्पर नाही, शेवटची गाडी कामगाराची पाळी सुटण्यापूर्वी निघून जाते, या तक्रारींचा कैवार आपण घेतला पाहिजे. सार्वजनिक सेवेचा आपण केवळ तात्त्विक बचाव केला आणि तिच्या गैरकारभाराबद्दल बोलण्याचे काम तिच्या शत्रूंवर सोपविले, तर सामान्य माणूस त्यांचेच ऐकेल, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

ओकलंडच्या मतदारांना सत्तावीस वर्षे लागली. तेवढ्या काळात एक पिढी बसविना कामाला लागली आणि कित्येकांना मोटार नाही म्हणून कामच मिळाले नाही. त्या वर्षांची भरपाई कोणताही कर करू शकत नाही. म्हणून तुटण्याआधी सांधण्याचे काम हाती घेतले पाहिजे. ते आपापल्या गावच्या थांब्यावर, प्रवाशांच्या रांगेत उभे राहून सुरू होते.